जावाची साखर, सुमात्राचे तेल आणि दिग्रसचे वावर



परदेशी व्यापार म्हटला की आपण म्हणतो, ते दिल्ली-मुंबईवाल्यांचे काम, आपल्याला त्याचे काय? पण इंडोनेशिया या देशाशी भारताचा जो व्यवहार चालतो, तो दिग्रस भागातल्या शेतकऱ्याच्या दोन्ही खिशांना हात घालतो. एका खिशात टाकतो, दुसऱ्यातून काढतो. म्हणून या अंकात लागण आणि खताचा विषय जरा बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

प्रथम जुनी हकिगत. जावा हे इंडोनेशियाचे बेट. १९३० च्या सुमारास तेथे डचांचे राज्य होते आणि आपल्याकडे येणारी परदेशी साखर मुख्यतः जावाचीच असे. आपल्या देशात तेव्हा साखर कारखाने जेमतेम तीसेक. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली. चार-पाच वर्षांत कारखान्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. जावाची साखर येणे जवळजवळ थांबले. त्यातच जगभर मंदी. जावातल्या कित्येक कारखान्यांना कुलपे लागली. एका देशाने जकात लावली की दुसऱ्या देशातले फड ओस पडतात, हे तेव्हाच दिसून आले.

साखर थांबली, पण बेण्याचे नाते राहिले. जावातील पासुरुआनच्या संशोधन केंद्राने पीओजे २८७८ ही जात काढली होती. कोइमतूरला तिचा को २९० शी संकर झाला आणि को ४१९ जन्मली. ‘चारशे एकोणीस’ने महाराष्ट्राच्या कालव्यांवर वर्षानुवर्षे राज्य केले, पुढे तिची जागा को ७४० ने घेतली. म्हणजे आपल्या उसाचे आजोळ जावात आहे!

आज चाक उलटे फिरले आहे. ज्या देशाची साखर आपण खात होतो, तोच आता जगातल्या मोठ्या साखर खरेदीदारांपैकी एक आहे. मात्र आपली साखर तेथे सहजासहजी जात नव्हती. कारण ऐकून नवल वाटेल. इंडोनेशिया कच्ची साखर घेऊन आपल्या रिफायनरीत शुद्ध करतो. साखरेचा रंग इकुम्सा या मापात मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी साखर काळपट. त्यांचा नियम होता की कच्ची साखर किमान १२०० ची हवी. आपली त्याहून उजळ, म्हणून नापास! २०१९-२० च्या सुमारास त्यांनी ही मर्यादा ६०० वर आणली आणि आयात शुल्कही ५ टक्के केले.

फुकट कोणी काही देत नाही, भाऊ. इंडोनेशिया हा जगातला सर्वांत मोठा पामतेल उत्पादक, आणि आपण खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो. १ जानेवारी २०२० पासून भारताने शुद्ध पामतेलावरचे शुल्क ५० वरून ४५ टक्के आणि कच्च्या पामतेलावरचे ४० वरून ३७.५ टक्के केले. इकडून साखर, तिकडून तेल, असा हा व्यवहार.

साखरेच्या बाजूने पाहिले तर फायदा उघड आहे. गोदामात साखर पडून राहिली की तारणकर्जाचे व्याज चढते आणि ऊसबिल लांबते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, तर साखर विकली गेली पाहिजे. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली आणि इंडोनेशिया हे मोठे गिऱ्हाईक ठरले.

आता दुसरा खिसा. अरुणावतीच्या पाण्यावर ज्याचा दोन एकर ऊस आहे, त्याच्याच कोरडवाहू वावरात सोयाबीन, तूर, पऱ्हाटी असते. सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ टक्के तेल, बाकी बहुतेक पेंड. स्वस्त पामतेल आले की सोयातेलाचा भाव दबतो आणि मिलवाला दाण्याला कमी देतो. पेंडेचा उठाव हेही मोठे कारण आहे, सगळा दोष पामतेलाचा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले, तरी पेंडेला मागणी नसल्याने त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. पुढे ३० मे २०२५ रोजी ते शुल्क १० टक्क्यांवर आणले. नेमकी तेव्हा आपल्याकडे पेरणीची तयारी चालू असते.

शिवाय हा रस्ता कधी बंद होईल, सांगता येत नाही. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने आपल्या लोकांसाठी पामतेलाची निर्यात बंद केली. २३ मे रोजी ती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी आपल्या सरकारने १ जूनपासून साखर निर्यातीवर मर्यादा घालण्याचा आदेश काढला. घरचे ग्राहक सांभाळायला दोघांनीही दार लावले. २०२३-२४ च्या हंगामात तर साखर निर्यातीला परवानगीच नव्हती. २०२४-२५ साठी १० लाख टन, एवढीच.

यातून आपण काय घ्यावे? निर्यातीच्या बातमीवर भाळून पाणी पुरणार नाही इतका ऊस लावू नये. टनेज, उतारा आणि खोडव्याची निगा आपल्या हातात आहे. तेवढे चोख करावे. सोयाबीन सगळेच खळ्यावरून बाजारात न नेता गरजेपुरते विकून बाकी राखता आले तर राखावे आणि तेलाच्या शुल्काची बातमी पाहावी.

शेवटचे, पण महत्त्वाचे. वार्षिक सभेत आपण साखर निर्यात खुली करा असा ठराव करतो. तो योग्यच आहे. पण त्याच ठरावात, सोयाबीन बाजारात येण्याच्या महिन्यांत तेलाचे शुल्क कमी करू नये, हेही लिहिले पाहिजे. आपला सभासद नुसता ऊसवाला नाही. त्याचा सातबारा एकच आहे.

– ऊस विकास अधिकारी