विचारपूस करणारी यंत्रणा

शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि ते प्रकरण पात्र ठरले, तर महाराष्ट्र सरकार त्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देते. 30 हजार हातात आणि 70 हजार मुदत ठेवीत. कर्ज होते का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदावर सिद्ध व्हावे लागते. माणूस गेल्यावर त्याच्या दुःखाची चौकशी करणारी व्यवस्था आपल्याकडे अशी बऱ्याच वर्षांपासून आहे. तो जिवंत असताना त्याच्या दारात जाऊन ‘कसं चाललंय?’ असे विचारणारी सरकारी व्यवस्था उभी राहायला मात्र 2015 साल उजाडावे लागले. त्या वर्षी धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच सुमारास सार्वजनिक आरोग्य विभागाने मराठवाडा आणि विदर्भातील 14 जिल्ह्यांसाठी शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. या लेखाचा विषय हा दुसरा प्रकल्प आहे, कारण आपुलकीसारखी खाजगी समजली जाणारी गोष्ट त्याने शासकीय कामाच्या यादीत आणली.

प्रकल्पाची रचना साधी आहे. गावातली आशा कार्यकर्ती शेतकरी कुटुंबांच्या घरी जाते. झोप लागते का, जेवण जाते का, कामात लक्ष लागते का, जगणे नकोसे वाटते का, असे प्रश्न विचारते. ताण जास्त दिसला तर ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयातल्या पथकाकडे जाते. तिथे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असतात. सोबतीला 104 हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे, आणि 2022 पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हाही आहे. पण या साखळीतला सगळ्यात मोलाचा दुवा पहिलाच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा किंवा भूम तालुक्यातला शेतकरी ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ आपणहून जाणार नाही. चार लोक काय म्हणतील, ही भीती मोठी असते. आशाताई मात्र घरात येतेच. तिने या घरातल्या बाळंतिणीची काळजी घेतलेली असते, लेकरांच्या लसीचे दिवस तिला पाठ असतात. तिच्याशी बोलायला निमित्त लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. नुसत्या विचारपुशीने हताश माणसाची नजर बदलते का? पुरावा पाहू. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 1969 पासून एक प्रयोग केला. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, एवढाच त्यांचा आशय. काही मागणे नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटातल्या आत्महत्या स्पष्टपणे कमी होत्या. पुढे अशाच प्रयोगांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे आले नाहीत, हेही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने मग चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या 1867 जणांवर अभ्यास केला. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यासोबत तासभराचे बोलणे आणि पुढच्या 18 महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटात 18 आत्महत्या होत्या, दुसऱ्यात 2.

या आकड्यांत मला महत्त्वाचे वाटते ते ‘नऊ वेळा’. हताश माणसाचे दुःख फक्त संकटाचे नसते. आपण कोणाच्या हिशेबात नाही, आपण गेल्याने घरावरचा भार हलका होईल, अशी त्याची खात्री पटत जाते. ही खात्री युक्तिवादाने मोडत नाही. कोणीतरी पुन्हा आले, मागच्या वेळी काय बोललो ते त्याच्या लक्षात होते, हे पाहिल्यावर ती डळमळते. एकदा आलेला पाहुणा असतो. चौथ्यांदा आलेल्याची माणूस वाट पाहू लागतो, आणि वाट पाहणारा माणूस येत्या आठवड्याचा विचार करत असतो. आपुलकी दृष्टिकोन बदलते ती अशी, हळूहळू आणि पुनरावृत्तीने.

सगळ्यात खरा आक्षेप धाराशिवच्याच शिवारातून येतो: गोड बोलून कर्ज फिटते का? नाही फिटत. 2012 नंतरच्या दुष्काळी वर्षांत इथली जनावरे चारा छावण्यांत होती. 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच जिल्ह्यात पुराने पिकांसह माती वाहून नेली. सोयाबीनला भाव नसेल, पीकविमा अडला असेल, सावकार दारात असेल, तर समुपदेशन हा धोरणाचा पर्याय होऊच शकत नाही, आणि तो तसा वापरला गेला तर ती फसवणूक ठरेल. पण हताशा माणसाला नेमकी तीच कामे करू देत नाही, ज्यांनी संकट थोडे सैल होईल. तो बँकेत जात नाही, विम्याची तक्रार करत नाही, नातेवाइकांना तोंड दाखवत नाही. सोबत तहसीलपर्यंत येणारे कोणी असले तर हक्काची मदत हक्काने मागता येते. शिवाय आत्महत्येचा क्षण अनेकदा छोटा असतो. तो टळला की बहुतेक जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

दुसरा आक्षेप म्हणजे नेमून दिलेली आपुलकी खरी असते का? अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेला ‘विश्राम’ प्रकल्प इथे उपयोगी पडतो. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बोलणे, ऐकणे आणि गरज पडल्यास डॉक्टरपर्यंत नेणे हे काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचे सांगणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. तरी एवढे दिसते की शिकवलेली, नेमलेली विचारपूस लोकांनी खोटी म्हणून झिडकारली नाही.

नेमलेल्या कामाचा खरा धोका वेगळा आहे. आशा ही पगारी कर्मचारी नाही. ती मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर जगते, आणि मोबदला वाढावा या मागणीसाठी महाराष्ट्रातल्या आशांनी 2021 आणि 2023 मध्ये संप केले. त्यांतल्या अनेकींच्या घरी तेच कोरडवाहू शेत आणि तेच कर्ज आहे. दुसऱ्याची हताशा ऐकून घरी परतणाऱ्या बाईची विचारपूस कोण करते, हा प्रश्न प्रकल्पाच्या केंद्रस्थानी हवा. दमलेल्या माणसाकडून आपुलकी फार काळ वसूल करता येत नाही, मग उरते ती प्रश्नावली. म्हणून जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात किती प्रश्नावल्या भरल्या एवढेच विचारून भागणार नाही. ताण आढळलेल्या किती घरांत दुसरी, पाचवी, नववी भेट झाली, हे विचारले पाहिजे, आणि त्या प्रत्येक भेटीचा मोबदला आशाच्या खात्यावर वेळेत जमा झाला का, हेही.