थोमाचे बोट

वर्गात पंचेचाळीस मिनिटे न थांबता बोलणे हा माझा व्यवसाय आहे. विद्यार्थ्यांनी काहीही विचारावे आणि आपण काही ना काही उत्तर द्यावे, हे मराठीच्या प्राध्यापकाला इतके अंगवळणी पडते, की जगात उत्तर नसलेला प्रश्न असतो हेच तो विसरतो. माझी ही गुर्मी एका दहा वर्षांच्या मुलीने उतरवली. ती माझी पुतणी.

आम्ही ख्रिस्ती. घर नगरचे. नोकरीमुळे मी पुण्यात राहतो. आई, दादा, वहिनी आणि पुतणी नगरच्या घरी. २०२१ सालच्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा आजारी पडला. दवाखान्यात खाट मिळेपर्यंतच दोन दिवस गेले. पुढचे नऊ दिवस आमच्या मंडळीतली पंचवीस-तीस घरे रोज रात्री नऊ वाजता फोनवरून एकत्र प्रार्थना करीत. शेजारचे काका त्याच वेळी आपल्या देवापुढे निरांजन लावून बसत. दहाव्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला. दादा गेला होता.

त्या वर्षीची दिवाळी आली. शेजारून नेहमीप्रमाणे फराळाचे ताट आले. नाताळात आमचे ताट त्यांच्याकडे जाते, दिवाळीत त्यांचे आमच्याकडे येते. हा प्रघात माझ्या आठवणीत कधी चुकलेला नाही. रात्री घरच्या प्रार्थनेला बसलो. दादाच्या जागी आता मी. मी शास्त्र उघडले, तोच पुतणी म्हणाली,

"काका, बाबांसाठी आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना? मग देवानं ऐकलं का नाही?"

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. आई माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हणालो, "उद्या बोलू हं आपण." तो उद्या उजाडायला मला एक वर्ष लागले.

खरे सांगायचे तर तिच्या आधी तो प्रश्न माझ्याच मनात होता. मी देवळात जात होतो, पण सवयीने. प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हणायची जागा आली, की माझे ओठ मिटत. भेटायला येणारे धीर देत. कोणी म्हणे, यात देवाची काही योजना असेल; कोणी म्हणे, देवाला चांगली माणसे लवकर लागतात. माणसे प्रेमाने बोलत होती. पण प्रत्येक वाक्यागणिक मी देवापासून एकेक पाऊल दूर जात होतो. ईयोबाचे मित्र असेच बोलले होते. त्या ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर त्या शहाण्या मित्रांवर, हे मी लहानपणापासून वाचत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र कधी लागला नव्हता.

२०२२ साली पंडिता रमाबाईंच्या निधनाला शंभर वर्षे झाली. आमच्या महाविद्यालयात त्यांच्यावर व्याख्यान ठरले आणि, मी ख्रिस्ती म्हणून, ते माझ्याच गळ्यात पडले. नाइलाजाने मी त्यांची साक्ष आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुन्हा वाचायला घेतला.

आपल्याला ठाऊक असलेल्या रमाबाई म्हणजे संस्कृत पंडिता, शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन. पत्रांतल्या रमाबाई निराळ्या आहेत. त्या शंका विचारतात, आणि थांबत नाहीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतरही त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचे देवपण कसे मानायचे, यावर त्यांचा तेथील जोगिणींशी पत्रांतून वाद चालू होता. मोठ्या कष्टाने पुरोहितांच्या जोखडातून सुटलेली आपली बुद्धी दुसऱ्या कोणाच्या जोखडाखाली द्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला म्हणतात ते १८९१ साली. म्हणजे तब्बल आठ वर्षांनी!

व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या आठ वर्षांत रमाबाई ख्रिस्ती होत्या की नव्हत्या?" मी म्हणालो, "होत्या. शोधणारी ख्रिस्ती होत्या." उत्तर तोंडातून गेले आणि मीच चपापलो. हे मी कोणाला सांगत होतो?

पण मला अधिक हलवले ते पुढच्या हकिकतीने. रमाबाई सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. व्रते झाली, उपास झाले, दाने झाली. जे करायचे ते सारे करून माणसे उपाशी मेली. मुलीच्या मनात देवाविषयी प्रश्न उभा राहिला तो तिथे. आणि १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा हीच बाई तिकडे धावली. पोटाची आग काय असते हे तिला कोणी सांगायला नको होते. शेकडो विधवा आणि मुली तिने आपल्या पंखाखाली आणल्या. केडगाव त्यांतून उभे राहिले. अमेरिकेतील मंडळाने मदतीचे वचन दिले होते ते दहा वर्षांचे. ती मुदत १८९८ साली संपत आली. इतक्या पोटांना उद्या काय घालायचे याची चिंता देवावर टाकून बाईंनी काम वाढवलेच. ज्या जागी विश्वास मोडला, त्याच जागी त्यांनी पुन्हा पाय रोवला.

आणि १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. केडगावात तिच्यासाठी प्रार्थना झाल्या नसतील असे कोण म्हणेल? तिथे तर रात्रंदिवस प्रार्थनाच चाले. रमाबाईंना तेव्हा ऐकूही फारसे येत नव्हते. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीतील भाषांतर पुढे चालू ठेवले, ते पुरे केले, आणि नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या.

लेक गेल्यावर या बाईने देवाला काय विचारले असेल? हा विचार डोक्यात घेऊनच मी त्या वर्षी दिवाळीला घरी निघालो. पुण्याहून दौंडला जाणारी गाडी दौंडच्या अलीकडे केडगावला थांबली. या स्थानकावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी मात्र गाडी हलेपर्यंत मी खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत राहिलो.

घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात आईला म्हणालो, "आई, तुझा विश्वास कधी डळमळला नाही?"

"माझा?" आई करंज्यांचे पुरण ढवळत म्हणाली. "मी तर रोज भांडते त्याच्याशी. उठल्यावर पहिलं काम तेच. माझं लेकरू नेलंस, म्हणते."

"मग प्रार्थना कधी करतेस?"

"तीच प्रार्थना रे! भांडायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं. ज्याच्यावर भरवसाच नाही, त्याच्याशी माणूस भांडत नाही, बोलणं सोडतो." जरा थांबून ती म्हणाली, "तू बोलणं सोडलंस."

चौथी शिकलेल्या बाईने एम. ए. झालेल्या मुलाला सांगितलेला हा धडा.

मला प्रेषित थोमा आठवला. आपल्या देशात ख्रिस्ताची वार्ता ज्याने आणली अशी परंपरा आहे, तोच हा थोमा. इतर शिष्य प्रभू उठला म्हणून आनंद करीत होते; हा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्यावाचून मी मानणार नाही. जगाने त्याला संशयी ठरवले. पण दोन गोष्टी आपण विसरतो. शंका घेऊनही थोमा आपल्या सोबत्यांना सोडून गेला नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता. आणि प्रभू आला तेव्हा त्याने थोमाला घालवून दिले नाही, की पुराव्यांचे प्रवचनही दिले नाही. त्याने आपल्या जखमा पुढे केल्या. ज्याच्या स्वतःच्या अंगावर वण आहेत, त्याच्याजवळ आपली जखम घेऊन जाता येते. थोमाला आठ दिवस लागले, रमाबाईंना आठ वर्षे. माझे दीड वर्ष त्यापुढे काय मोठे?

शंकेचे औषध युक्तिवाद नव्हे, असे आता मला वाटते. शंका दाबून धरली की ती आत सडते. वाद घालून जिंकली तरी पुन्हा उगवते. ती जशीच्या तशी त्याच्यापुढे नेऊन ठेवावी आणि हातातले काम सोडू नये, एवढेच माणसाच्या हाती आहे. भरवसा म्हणजे सगळी उत्तरे मिळाल्याची पावती नव्हे.

त्या रात्री प्रार्थनेला बसल्यावर मी पुतणीला म्हणालो, "गेल्या वर्षी तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मला ठाऊक नाही. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो प्रश्न तू देवालाच विचार. मीही विचारतो."

तिने आजीकडे पाहिले. आजीने मान हलवली. मग तिने डोळे मिटले, हात जोडले आणि त्याच शब्दांत, जराही न भीता, देवाला विचारले. आभाळातून कोणी बोलले नाही. वहिनी रडली, पण या वेळी तिने पदर आड धरला नाही. मग आम्ही सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. ती जागा आली, तेव्हा माझा आवाज फाटला. पण ओठ मिटले नाहीत.

दादा परत आलेला नाही. तो प्रश्नही अजून आहे. फक्त आता तो घेऊन मी देवाकडे पाठ फिरवून बसत नाही, त्याच्यासमोर बसतो. ही दिवाळी कोणाच्या घरी एखादी रिकामी जागा घेऊन आली असेल, तर त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: भांडा हवे तर, पण बोलणे सोडू नका.