जालना ते अंबड, पायी

आधीच सांगते, माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीत आमच्या सिस्टरनी स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेबद्दल सांगितलं होतं. येशूचा शिष्य संत जेम्स याच्या समाधीपर्यंत लोक शेकडो किलोमीटर चालत जातात. पाठीवरच्या सॅकला शिंपला बांधतात आणि प्रत्येक मुक्कामी एका पासबुकावर शिक्का घेतात. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी वाट जवळपास 780 किलोमीटर आहे. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठेपणी आपण हे करायचं!

आणि आमच्या घरातली आजी दरवर्षी मुक्ताबाईच्या पालखीबरोबर चालत होती, याचं मला काहीच कौतुक नव्हतं. "आजी गावाला गेलीय" असं मी मैत्रिणींना सांगायचे.

या पालखीची थोडी माहिती. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई, तिची पालखी जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करत आपल्या जालन्यात येते. मग अंबड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई आणि बीड. बीडला मुक्ताबाईचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी आहे, तिथे नात आजोबांना भेटते. (हे मला भारी आवडलं.) पुढे पंढरपूर. सगळी वाट साधारण महिनाभराची. आळंदीची पालखी टीव्हीवर दिसते, पण तिला यापेक्षा बरेच कमी दिवस लागतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर परत येतानाही पायीच येते, तीसुद्धा जालना आणि सिंदखेड राजावरून. म्हणजे आपल्या जालन्यावरून महाराष्ट्रातल्या दोन लांबच लांब वाटा जातात आणि आपल्याला त्या दिवशी फक्त "ट्रॅफिक जाम आहे" एवढंच कळतं.

2020 आणि 2021 ला कोरोनामुळे मानाच्या पालख्या एसटीने गेल्या. त्यानंतर आजीचे गुडघे गेले. गेल्या वर्षी तिचा फोन आला. म्हणाली, "तू जालन्यातच हायेस ना, मग अंबडापर्यंत तरी जा की माझ्या वाटची." सबमिशन होतं, तरी रूम पार्टनरला घेऊन गेले. दोन दिवस चाललो, मधे काजळा फाटा.

आता मुख्य मुद्दा. मला वाटायचं लांब चालणं म्हणजे स्टॅमिना. साफ चूक! सत्तरीच्या बायका माझ्या पुढे होत्या. जालना ते अंबड साधारण 25 किलोमीटर. माझं एक पाऊल 65 सेंटिमीटर धरलं तर अडतीस हजार पावलं होतात. दोन्ही टाचांवर मिळून नव्या बुटांचं घर्षण तेवढ्या वेळा झालं, वरून घामाने ओले मोजे. पहिल्याच दुपारी फोड आला. एक मावशी म्हणाल्या, "नवं पायताण घालून कुणी येतं का गं?" त्यांच्या पायात दोन वर्षं वापरलेल्या चपला होत्या. मटेरियल तेच, पण पायाचा आकार घेतलेलं.

चालण्याचा वेगही कोणी आपल्या मनाने ठरवत नाही. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, मधे विणेकरी, मागे तुळशी घेतलेल्या बायका. अभंगाच्या ठेक्यावर पावलं पडतात, म्हणून तरुण पुढे पळत नाहीत आणि म्हातारे मागे पडत नाहीत. विणेकऱ्याच्या गळ्यातला वीणा खाली ठेवायचा नसतो, थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. अंथरूण, भांडी, शिधा टेम्पोतून पुढे गेलेलं असतं. आपण पोचेपर्यंत चूल पेटलेली! पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढलं की विसावा. ज्येष्ठातलं जालन्याचं ऊन काय असतं ते हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्यांना सांगायला नको. रस्ता रुंद झालाय, पण सावली बघावी तिथे नाही आणि बाजूने ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

तरी खरी व्यवस्था दिंडीतही नाही, ती वाटेवरच्या गावांत आहे. कॅलिफोर्नियात 21 जुनी मिशन आहेत, सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत. ती सगळी पायी करणारे लोक आहेत, साधारण 800 मैल. पण तिथे बरीचशी वाट आता मोटारींच्या रस्त्यांवरून जाते आणि चालणाऱ्याला रात्रीची सोय स्वतःची स्वतः शोधावी लागते. चर्च आहे, मुक्काम नाही. आपल्याकडे उलटं आहे. फाट्यावर चार दुकानं असतील, पण जेवायला कोण घालणार हे गावात आधीच ठरलेलं असतं.

एका वस्तीवर आम्ही पाणी मागितलं. बाईने तांब्या भरून दिला. मी अर्धा प्यायले आणि उरलेल्या पाण्याने हात धुवायला लागले. तिने माझा हात धरला. रागावली नाही, फक्त म्हणाली, "पिऊन घे बाय, हात पुसून घे." मागे टँकरची वाट बघत रांगेत ठेवलेले ड्रम होते. 2013 च्या दुष्काळात हा जिल्हा कसा होरपळला हे आपण ऐकलंय. तो पाणीटंचाईचा महिना आणि त्याच महिन्यात शेकडो पाहुणे दारात येतात. मी त्या तांब्यातलं पाणी परत हंड्यात ओतू का असं विचारलं, तेव्हा ती हसली. उष्टं कसं ओतणार? मग मी ते सगळं पिऊन टाकलं, तहान नसताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली तेव्हा रूम पार्टनर रडली. मी नाही, पण फोडामुळे बोलायच्या स्थितीत नव्हते. पालखी पुढे वडीगोद्रीकडे जाणार होती. आम्ही एसटी पकडली. दोन दिवसांचं अंतर तासाभरात संपलं, बाहेर बघायच्या आत जालना आलं.

ज्यांना पुढच्या वर्षी यायचंय त्यांनी जुन्या चपला, सुती कपडे आणि सुई-दोरा आणा. फोड मात्र घाणेरड्या सुईने फोडू नका, मला नंतर डॉक्टरांच्या शिव्या खाव्या लागल्या.

रात्री आजीला फोन केला. किती चाललीस, दुखतंय का, काही विचारलं नाही. "पाणी कोणी दिलं?" एवढंच विचारलं. मी वस्तीचं वर्णन केलं, बाईचं केलं. आजी म्हणाली, "तिची सासू द्यायची आधी."