फिश टँकचा स्टँड: लाकूड जाड असले की झाले?

आतून 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच असलेल्या काचेच्या टँकमध्ये काठोकाठ सुमारे 450 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसते पाणीच साडेचार क्विंटल. 12 मिमी काचेचे 90 किलो आणि तळातली वाळू-दगड धरले की एकूण वजन 600 किलोच्या घरात जाते. हा आकडा ऐकला की सल्ला ठरलेला असतो: ‘लाकूड जाड वापरा.’ मग 4 इंची सागवानी पाय येतात, खर्च दुप्पट होतो आणि स्टँड तरीही डुलतो.

पायांवर येणारा भार मोजायला फारसे गणित लागत नाही. चार पायांत वाटले की प्रत्येकी 150 किलो. 2 इंची चौरस पायाचे क्षेत्रफळ साधारण 25 चौरस सेंमी, म्हणजे दाब दर चौरस सेंमीला 6 किलो. भारतीय मानक आयएस 883 नुसार घराच्या आत वापरलेल्या सागवानावर तंतूंच्या दिशेने याच्या दहापटीहून अधिक दाब चालतो. उभा पाय चिरडून स्टँड पडत नाही. तो पडतो आडवा, कोपरे सुटून. काडेपेटीचे बाहेरचे रिकामे खोके बोटाने ढकलले की तिरके होऊन चपटे होते. कागद जाड केला तरी ते तेच करते. चार पाय आणि आडव्या पट्ट्या एवढ्यावरच उभ्या असलेल्या स्टँडची गत तीच. उपाय स्वस्त आहे: मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना 12 मिमी प्लायवुड फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के बसवायचे, नाहीतर कोपऱ्यांतून तिरक्या पट्ट्या द्यायच्या. एवढे केले की 2 इंची पाय पुरतात. हे सांगूनही जाडीचाच आग्रह धरणारे भेटतात.

जाडीचा खरा उपयोग आडव्या लाकडात होतो, आणि तिथे ते बरेचदा आडवे निजवून बसवतात. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 2×4 इंची पट्टी उभी ठेवली तर निजवलेल्या पट्टीपेक्षा चौपट ताठ राहते.

‘स्क्रू भक्कम लावले की भार पेलतात’ हेही चूक. भार लाकडावरून लाकडावर जायला हवा, म्हणजे आडवी पट्टी पायाच्या डोक्यावर किंवा खाचेत टेकलेली हवी. स्क्रूने फक्त जोड जागेवर धरायचा.

‘टँकखाली थर्माकोल टाकला की उंचसखलपणा जातो’: बारीक खडबडीतपणा जातो, पीळ जात नाही. वाकड्या फळीवर काचेला पीळ बसतो, आणि काच लवत नाही, तडकते. पाणसळ लावून पाचर द्यायची ती पायांखाली, टँकखाली नव्हे. प्लास्टिकच्या चौकटीवर उभ्या राहणाऱ्या टँकखाली थर्माकोल मुळीच नको. तो तळाच्या काचेला वर रेटतो.

‘सगळे प्लाय सारखेच’: नाही, टँकच्या स्टँडला पाणी सोसणारे मरीन प्लायवुड हवे; आयएस 710 हे त्याचे मानक आहे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगतात.

‘स्टँड मजबूत, मग जमिनीची काळजी कशाला?’ आयएस 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरलेला आहे. आपल्या टँकखालच्या पाऊण चौरस मीटरवर तो 800 पर्यंत पोचतो. म्हणून वरच्या मजल्यावर असा टँक खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमलगत ठेवतात, आणि जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारतात.