बेशरमाचं फूल

शिक्षकदिनाची सकाळ होती. दुसरीतला एक मुलगा धावत वर्गात आला. जांभळट-गुलाबी फुलांचा झुबका माझ्या हातात देत म्हणाला, "बाई, हे तुमच्यासाठी!" झालं! वर्गात एकच हशा. "बाई, यानं बेशरम आणलं!" बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

बालमित्रांनो, मी ती फुलं टेबलावर ठेवली आणि त्या दिवशीचा धडा त्यांच्यावरच घेतला.

बेशरम तुम्ही पाहिलंच असेल. बदामाकृती पानं, पोकळ दांडा आणि कर्ण्यासारखं फूल. हे झाड रताळ्याचं भाऊबंद! कोकणच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादावेलही याच कुळातली. ती किनाऱ्याची राखण करते. बेशरम मात्र परदेशी पाहुणं, मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लोकांनी कुंपणाला लावलं. तोडलं तरी पुन्हा फुटतं, नुसती फांदी ओल्या मातीत पडली तरी मुळं धरतं. म्हणून तर नाव पडलं बेशरम!

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला नवेगावबांधचा तलाव तुम्हाला ठाऊक असेलच. अशा तलावांत, बोड्यांत बेशरम शिरलं की गाळ अडतो, पाण्याची जागा कमी होते. पाण्यातल्या मूळच्या वनस्पती हटतात. मग मासे खाणार काय आणि अंडी घालणार कुठे? त्याचा फटका बसतो मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना. चारा नसला की बकऱ्या ते खातात; मग त्या थरथरतात, त्यांचा तोल जातो. तेव्हा तुम्हीही ते तोंडात घालू नका, हाताळलं तर हात धुवा.

यावर उपाय आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते मुळासकट उपटायचं आणि दूर नेऊन वाळवायचं. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर बांधवांनी आणि बायांनी हे केलं. मोकळ्या जागी मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मोठ्यांसोबत तुम्हीही हात लावा.

तास संपला. तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, पुढल्या वर्षी झेंडू आणीन."

मी म्हटलं, "जरूर आण. पण आज तू हे आणलंस, म्हणून सगळ्यांना आपला तलाव कळला!"