“हात लावू नका, पोलीस केस आहे”

मुंबई-आग्रा महामार्गावर असो की नाशिकच्या एखाद्या चौकात, अपघात झाला की गर्दीतून एक वाक्य हमखास येतं: “हात लावू नका, पोलीस केस आहे.” दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याच गर्दीला नावं ठेवत कुणीतरी म्हणतं, “बघ्यांना आत टाकायचा कायदाच हवा.” पहिल्या वाक्यातला गैरसमज गेला, तर दुसऱ्याची गरजच उरणार नाही.

गैरसमज : मदत केली की पोलीस-कोर्टाचं लचांड मागे लागतं.

वस्तुस्थिती : एके काळी ही भीती रास्त होती. पण 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या सूचना बंधनकारक केल्या. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, 2020मध्ये नियम आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवून तुम्ही लगेच निघू शकता. नाव, पत्ता, फोन सांगण्याची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. जबाब तुमच्या सोयीच्या ठिकाणी, तोही साध्या वेशातल्या पोलिसाने घ्यायचा. सद्भावनेने मदत करताना काही चुकलं आणि जखमी दगावला, तरी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

हे हक्क रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी स्थानिक भाषेत लावणंही नियमाने बंधनकारक आहे. तुमच्या जवळच्या रुग्णालयात असा फलक पाहिलाय का? कायदा आहे, पण तो माणसांपर्यंत पोहोचवायचाच नाही आणि मग माणुसकी मेली म्हणून गळे काढायचे, याची चीड येते.

गैरसमज : सक्ती केली की लोक धावतील.

वस्तुस्थिती : 28 जानेवारी 2020ला देवळा तालुक्यात मेशीजवळ एसटी आणि रिक्षा विहिरीत कोसळल्या, 26 जण गेले. आसपासचे लोक बचावासाठी धावले, ते सक्ती होती म्हणून नव्हे. उलट ‘उभा होतास, मदत का केली नाहीस?’ असा गुन्हा दाखल होणार असेल, तर आज जो निदान रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवतो, तोही तिथून काढता पाय घेईल.

गैरसमज : परदेशात जीव धोक्यात घालून मदत करावी लागते. वस्तुस्थिती : जर्मनी-फ्रान्समध्ये सक्ती आहे, पण स्वतःला धोका नसेल तरच.

गैरसमज : आपल्याकडे मदतीचं बंधन कुणावरच नाही. वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम 134नुसार अपघातातल्या वाहनचालकावर आहे, आणि 1989च्या परमानंद कटारा निकालापासून प्रत्येक डॉक्टरवर आहे.

गैरसमज : आधी पोलीस, मग उपचार. वस्तुस्थिती : आधी उपचार. कागदपत्रं नंतर.

गैरसमज : मदतकर्त्याला हे संरक्षण प्रत्येक संकटात मिळतं. वस्तुस्थिती : 134अ फक्त वाहन अपघातांपुरतं आहे. गोदावरीत बुडणाऱ्याला ओढून काढणाऱ्यासाठी ते नाही.

कायदा वाढवायचा असेल तर इथे वाढवा. बघ्याला शिक्षा नको, धावणाऱ्याला प्रत्येक संकटात हेच संरक्षण द्या. आणि तोवर, पुढच्या वेळी कुणी “हात लावू नका” म्हणालं, तर त्याला कलम 134अ सांगा, 108 लावा आणि पुढे व्हा.