समुद्रकाठची तीन तीर्थे

आमच्या वाशीमास समुद्र नाही, मोठी नदीही नाही. तथापि पाण्याच्या काठी मस्तक नमवावे, हे येथील माणसास कोणी शिकवावे लागत नाही. पद्मतीर्थाच्या पायऱ्या उतरू लागले की हात आपोआप जोडले जातात. हेच वाशीम एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. पुढे त्या शाखेचा लोकांस इतका विसर पडला की, १९३९ साली द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट येथे उजेडात आला तेव्हा कोठे तिचा इतिहास पंडितांच्या हाती लागला. राजधानी विस्मृतीत गेली आणि तीर्थ मात्र राहिले. असे का व्हावे, याचा विचार मनात घोळत असतानाच गेल्या माघात मुंबईस जाण्याचा योग आला.

अकोल्यास गाडी बदलून आम्ही दादरला पुतण्याकडे उतरलो. घरात नववीत शिकणारी नात आहे. ती म्हणाली, “आजोबा, या खेपेस मीच तुम्हांला मुंबई दाखवते. फक्त समुद्रकाठच्या जागा पाहायच्या.” आम्ही आनंदाने रुकार दिला.

प्रथम अपोलो बंदरास गेलो. तेथे सकाळी लवकर जावे. ऊन चढले की दगडही तापतो आणि गर्दीही वाढते. ‘गेट वे ऑफ इंडिया’ ही पिवळसर दगडाची कमान सुमारे ८५ फूट उंच आहे. पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी २ डिसेंबर १९११ रोजी येथे उतरले, त्याचे हे स्मारक. परंतु गंमत अशी की, त्या दिवशी कमानीचा पत्ताच नव्हता! इमारत पुरी होऊन तिचे उद्घाटन झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी. आणि अवघ्या २३ वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी परतली. आगमनाचे स्मारक म्हणून जे बांधले, ते प्रयाणाचे स्मारक होऊन बसले. जवळच्या उद्यानात १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. स्मारकाचा अर्थ बांधणारा ठरवीत नाही, काळ ठरवितो, एवढा धडा घेऊन आम्ही पुढे निघालो.

सायंकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो. चर्नी रोड स्थानकावरून ही जागा अगदी जवळ आहे, त्यामुळे वृद्धांसही त्रास नाही. लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात देह ठेवला. त्यांचा अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न करता या वाळूवर झाला. देह पद्मासनात बसविलेला होता. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, तसेच शौकत अलीही होते. आज तेथे लोकमान्यांचा पुतळा उभा आहे. भोवती मुले वाळूचे किल्ले रचीत होती आणि भेळ खाणाऱ्यांची दाटी झाली होती. आम्ही पादत्राणे काढून नमस्कार केला. मुंबईस आल्यावर येथे दर्शनास यावयाचे हा आमचा जुना नेम. ही आमची चौथी खेप होती.

परत येताना नातीने सहज विचारले, “आजोबा, तुम्ही दर वेळी दादरला उतरता. चैत्यभूमी तर तिथून चालत जाण्यासारखी आहे. तिथं किती वेळा गेलात?”

आम्हांस उत्तर देता येईना. एकदाही गेलो नव्हतो. कोणी मनाई केली नव्हती आणि मनात द्वेषही नव्हता. “ती आपली जागा नव्हे” असे घरात कोणी उच्चारलेही नव्हते. तरी पाय तिकडे वळले नव्हते, एवढे मात्र खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पार्कावरून आम्ही दोघे चालत गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस झाले. देह विमानाने मुंबईस आणून ७ डिसेंबरला दादरच्या या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या जागी १९७१ मध्ये घुमटाकार स्मारक उभे राहिले. प्रवेशद्वारे सांचीच्या तोरणांच्या धर्तीवर आहेत. ‘चैत्य’ या शब्दाचे नाते ‘चिता’ या शब्दाशी आहे, हे आम्ही वर्गात कित्येकदा सांगितले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. एकाच पश्चिमसमुद्राच्या वाळूवर या दोन चिता पेटल्या. आमच्या घरात मात्र एकीचीच आठवण होती.

आत नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई भेटल्या. बोलण्यावरून आम्ही वऱ्हाडचे हे त्यांनी ओळखले. “कोनत्या गावचे जी तुमी?” वाशीम म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. त्या मानोऱ्याकडच्या होत्या. “पयल्यांदाच आले काय गुरुजी?” आम्ही मान हलविली. “आले ते बरं झालं,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि आपल्या पिशवीतील दोन फुले आमच्या हातावर ठेवली.

त्या फुलांचे ओझे आम्हांस फार झाले. त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे. आम्ही हयातभर संस्कृत शिकविले. बाबासाहेबांस लहानपणी शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. जातीमुळे ते नाकारण्यात आले व त्यांस फारसी घ्यावी लागली. नाकारणारे हात आमच्याच पेशाचे होते. पुढे त्यांनी स्वकष्टाने संस्कृत आत्मसात केले. इतकेच नव्हे, तर त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण व शब्दकोश महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले आहेत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीने घेतले. त्या पाण्यावरील हक्क उच्च न्यायालयाने मान्य करण्यास १९३७ साल उजाडले. त्याच महाडास डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते, याचेही आपल्या घरांतून क्वचितच स्मरण होते.

संस्कृतात ‘तीर्थ’ म्हणजे पाण्यात उतरण्याची वाट. ज्याच्या योगे तरून जाता येते, ते तीर्थ. गुरूसही तीर्थ म्हणतात. म्हणूनच एका गुरूच्या शिष्यांस ‘सतीर्थ्य’ ही संज्ञा आहे. वाट म्हटली की ती सर्वांस मोकळी हवी. ज्या पायऱ्यांवर कोणास अडविले जाते, तो नुसता काठ. राजधानी विसरली जाते, कारण तेथे थोड्यांसच प्रवेश असतो. तीर्थ टिकते, कारण तेथे लोक उतरत राहतात. दर ६ डिसेंबरला लाखो माणसे गावोगावाहून दादरच्या त्या वाळूवर येतात आणि परतताना पुस्तके विकत घेऊन जातात. ग्रंथ हाच ज्या यात्रेचा प्रसाद, तिला तीर्थयात्रा न म्हणावे तर काय म्हणावे?

वाचकांपैकी जे मुलाबाळांसह मुंबईस जातील, त्यांनी या तिन्ही जागा अवश्य पाहाव्या. चौपाटीस सायंकाळी जावे, अपोलो बंदरास व दादरला सकाळी. दादरला गडबडीने जाऊ नये; तासभर बसावे आणि एखादे पुस्तक घरी आणावे.

आम्ही आणलेले पुस्तक सध्या आमच्या ओसरीवर आहे. ती दोन फुले त्याच्या पानांत ठेविली आहेत. परतल्यावर पद्मतीर्थावर गेलो, तेव्हा पायऱ्या उतरताना हात नेहमीप्रमाणेच जुळले. पण या वेळी मानोऱ्याच्या त्या बाईंची आठवण झाली. या पायऱ्यांवर आपल्याबरोबर कोण कोण उतरते आहे, हे आम्ही प्रथमच मान वर करून पाहिले.